भ्यालेल्या माणसाने जावे कोठे?

आजच्या विषयाचे नाव काय द्यावे ह्याचा मला बराच विचार करावा लागला. ‘मानसिक आघात आणि त्याचे उपचार’ असे नाव फलकावर लिहिले असते, तर आपल्यापैकी निम्मे लोक हा विषय आपला नव्हे असे समजून घरी राहिले असते. वास्तविक विषय आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे; फक्त तो त्या नावाने आपल्या घरी येत नाही. ‘पोराने धसका घेतला’, ‘तिने हाय खाल्ली’, ‘त्या दिवसापासून त्याचा जीव थाऱ्यावर नाही’, ‘रात्री दचकून उठतो’ ही भाषा आपल्या आयाबहिणींच्या तोंडी नित्य आहे. म्हणजे भयाने माणूस आजारी पडतो हे आपल्या भाषेला ठाऊक होते. प्रश्न पुढचा आहे. धसका घेतलेल्या माणसाने बरे होण्यासाठी जावे कोठे? ह्या जिल्ह्यातल्या माणसाला ह्या प्रश्नाची निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे मिळाली. त्या उत्तरांचा इतिहास मला आज आपल्यापुढे मांडायचा आहे.

सर्वांत जुने उत्तर म्हणजे देव आणि देवऋषी. आपण तुळजाभवानीच्या अंगणात राहतो. अंगात येणे, दृष्ट काढणे, अंगारा लावणे, लिंबू उतरवणे हे आपल्याला कोणी पुस्तकातून शिकवावे लागत नाही. ‘बाहेरचे’ लागलेल्या माणसाला आपल्या भागातले लोक पिढ्यान् पिढ्या गाणगापुराला नेत आले, दर्ग्यातही नेत आले. आणि दर्ग्यात जाताना हिंदू-मुसलमान हा भेद कोणी फारसा केला नाही. सुशिक्षित मनुष्य ह्या सगळ्याला एका शब्दात अंधश्रद्धा म्हणून मोकळा होतो. मला ते पुरेसे वाटत नाही. त्या ठिकाणी दुखणेकऱ्याबरोबर घरची माणसे जात, मुक्काम करीत, त्याचे म्हणणे कोणीतरी ऐकून घेई, आणि ‘हा दोष तुझा नाही, बाहेरून आलेला आहे’ असे त्याला सांगितले जाई. घाबरलेल्या माणसाला ह्यातून दिलासा मिळतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्याच ठिकाणी मारहाण होते, उपास घडवले जातात, साखळदंड पडतात, आणि मुख्य म्हणजे वर्षे जातात. तमिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका आश्रमाला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेली माणसे सुटू शकली नाहीत आणि त्या आगीत २८ जणांचा जीव गेला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने ह्या प्रश्नात लक्ष घातले. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात पुढे वेगळा मार्ग निघाला. तेथे मुजावर आणि मनोविकारतज्ज्ञ एकत्र बसू लागले. दुआ चालू ठेवा आणि दवाही घ्या, असे स्वतः मुजावरच सांगू लागले. आपल्याकडच्या भगताला आणि पुजाऱ्याला कोणी असे विश्वासात घेतले असते तर बरे झाले असते, असे मला अनेकदा वाटते.

दुसरे उत्तर सरकारचे. ते म्हणजे वेड्यांचे इस्पितळ. नागपूरचे १८६४ सालचे, रत्नागिरीचे १८८६ सालचे, ठाण्याचे १९०१ सालचे, आणि त्यानंतर येरवड्याचे. ही चारही नावे इंग्रजी मुलुखातली आहेत. आपला जिल्हा निजामाच्या राज्यात. पुढे मराठवाडा महाराष्ट्रात आला तरी चार मोठी मनोरुग्णालये त्या चार गावीच राहिली आणि मराठवाड्याच्या वाट्याला त्यांपैकी एकही आले नाही. बरे, ही इस्पितळे होती तरी कशासाठी? १९१२ चा जो वेडेपणाचा कायदा पुढे आपल्यालाही लागू झाला, त्यात माणसाला आत घालण्याचा मार्ग पोलीस आणि मॅजिस्ट्रेट ह्यांच्या दारावरून जात असे. धसका घेतलेली सून, परीक्षेच्या भीतीने खाणे टाकलेला मुलगा, छातीत धडधड होते म्हणून शेतावर जाण्यास भिणारा गडी ह्यांच्यासाठी त्या इमारतीत जागा नव्हती, आणि नव्हती हेच त्यांचे सुदैव. ‘वेडा’ आणि ‘शहाणा’ अशी दोनच खाती मांडलेल्या त्या वहीत घाबरलेल्या माणसाचे नाव कोठेच लिहिले जात नव्हते.

आता एक असे प्रकरण, ज्याविषयी आपल्या गावात मोठ्याने बोलण्याची चाल नाही. १९४७ आणि १९४८ ही दोन वर्षे ह्या जिल्ह्याने काय पाहिले? रझाकारांच्या भीतीने गावेच्या गावे उठून बार्शी-सोलापूरकडे, म्हणजे हद्दीपलीकडे गेली. सप्टेंबर १९४८ मध्ये पाच दिवसांची पोलीस कारवाई झाली, निजामाचे राज्य संपले, आणि आपण मुक्त झालो. तो आनंद खरा आहे. पण त्याच्या पाठोपाठ मुसलमान वस्त्यांवर जे ओढवले, तेही खरे आहे. पंडित सुंदरलाल ह्यांच्या समितीने त्या वर्षाच्या अखेरीस ह्या भागात हिंडून जो अहवाल दिला, त्यात सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव आहे. गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे बाकीचे तीन. तो अहवाल अनेक दशके लोकांपुढे आलाच नाही. दोन्हीकडच्या घरांत माणसे गेली, आणि दोन्हीकडच्या घरांत मागे राहिलेल्यांनी त्याविषयी न बोलण्याचे ठरवले. त्या पिढीला कोणी वैद्य भेटला नाही, समुपदेशक हा शब्दही तेव्हा नव्हता. जप्ती, जमिनीचे खटले, निर्वासितांची सोय ह्यांच्या नोंदी दप्तरात आहेत; रात्री कोण दचकून उठत होते ह्याची नोंद नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने अशा ठिकाणी कल्पनेने रंग भरू नयेत, म्हणून मी इथेच थांबतो.

ह्याच सुमारास बाहेरच्या जगात हा विषय कोठवर आला होता? पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यातून परतलेले सैनिक अंगावर जखम नसताना थरथर कापत, मुके होत, आंधळे होत. १९१५ साली चार्ल्स मायर्स ह्या इंग्रज डॉक्टराने ह्या विकाराचे ‘शेलशॉक’ हे नाव वैद्यकीय नियतकालिकात नेले. काही सेनाधिकाऱ्यांच्या लेखी तो भित्रेपणा होता, आणि भित्रेपणाला त्यांच्याजवळ गोळी हे औषध होते. पुढे व्हिएतनामचे युद्ध झाले, परतलेल्या शिपायांनी आपले गाऱ्हाणे लावून धरले, आणि १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या विकारसूचीत आघातोत्तर ताणविकार हे स्वतंत्र नाव दाखल झाले. लक्षणे तीच, जी आपली आजी सांगत असे: घडलेले पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे, त्या जागेकडे पाऊल न वळणे, सदैव सावध असणे, झोप उडणे. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. मसानी ह्यांनी १९३८ साली सामान्य इस्पितळातच मनाचा विभाग उघडला. हे पाऊल मोठे होते, कारण ताप-खोकल्याच्या रांगेत उभा राहणारा मनुष्य आता वेड्यांच्या इस्पितळाची पायरी न चढता मनाच्या डॉक्टराकडे जाऊ शकत होता. अमृतसरला डॉ. विद्यासागर ह्यांनी रोग्यांच्या नातेवाइकांना इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकून राहण्यास सांगितले. त्यांत मला गाणगापूरच्या मुक्कामाची आठवण होते. फरक एवढाच, की येथे नातेवाइकांना रोग समजावून सांगितला जात होता.

परंतु आपल्या जिल्ह्यात हे काही पोचले नव्हते. १९८७ साली नवा मानसिक आरोग्य कायदा झाला आणि तो प्रत्यक्ष अमलात आला १ एप्रिल १९९३ रोजी. त्यानंतर बरोबर सहा महिन्यांनी जमीन हलली.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे उशिरा झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धक्का बसला. केंद्र किल्लारीजवळ. किल्लारी आज लातूर जिल्ह्यात असली तरी १९८२ पर्यंत ती आपल्याच जिल्ह्यात होती. आणि ह्या बाजूला सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही गावे जिल्ह्याच्या आजच्या हद्दीतच पडली. एकंदर सुमारे ८,००० माणसे गेली, ५२ गावे पार जमीनदोस्त झाली. भूकंपाचे मान ६.२ च्या आसपास. एवढ्या धक्क्याने जगात सगळीकडे एवढी माणसे मरत नाहीत. ती मारली आपल्या घरांनी. दोन-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचा जाड थर दिलेले माळवद! उन्हाळ्यात गार राहणारे, चोराला न फुटणारे, बापजाद्यांच्या अभिमानाचे घर. तेच अंगावर आले.

मनाच्या दृष्टीने ह्यात एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. १९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारीच्या परिसरात लहान धक्के बसत होते. लोक भ्याले होते, बाहेर झोपले होते. मग धक्के थांबले, आणि ‘किती दिवस भिऊन राहायचे’ असे म्हणून माणसे घरात परत गेली. म्हणजे ज्याने भीती बाजूला सारली, त्याचे घर पडले. अशा माणसाला ‘आता भिण्याचे कारण नाही’ असे कोणत्या तोंडाने सांगायचे? महिनोगणती माणसे पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. काहींनी तर उभ्या राहिलेल्या घरातही पाऊल ठेवण्यास नकार दिला. लांबून मालमोटार गेली तरी आया पोरांना उचलून बाहेर धावत. ज्याने स्वतःच्या हाताने भिंत बांधली होती आणि त्याच भिंतीखालून मुले उपसली होती, त्याला आपणच खुनी आहोत असे वाटे.

मदत भरपूर आली. सैन्य आले, धान्य आले, कपड्यांचे ढीग आले. शरीराला झालेल्या जखमांसाठी शल्यचिकित्सक आले. मनाचे काय? येथे भोपाळचा अनुभव कामास आला असे म्हणता येईल. १९८४ च्या वायुकांडानंतर मनोविकारतज्ज्ञ तेथे कित्येक आठवड्यांनी पोचले, आणि त्यांना आढळले की दवाखान्यात खोकला-दम्यासाठी येणाऱ्यांपैकी पाचांत एकाचे दुखणे मनाचे आहे. बंगळूरच्या संस्थेतील डॉ. श्रीनिवास मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हा सामान्य डॉक्टरांनाच ह्या कामाचे शिक्षण दिले, कारण मनोविकारतज्ज्ञ पुरे पडणार नव्हते. आपल्याकडे भूकंपानंतर महिन्याच्या आत प्रताप शरण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचलेल्या माणसांची तपासणी केली. तपासलेल्यांची संख्या लहान होती. पण त्यांतील ५९ टक्के माणसांत मनोविकाराचे निदान झाले. आघातोत्तर विकार आणि खिन्नता हे त्यांत प्रमुख. पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेबरोबर भूकंपाच्या मानसिक परिणामांचा दीर्घ अभ्यास हाती घेतला. त्याचे नेतृत्व डॉ. मोहन आगाशे ह्यांच्याकडे होते. आपण त्यांना ‘घाशीराम कोतवाल’मधले नाना फडणवीस म्हणून ओळखतो, पण नाटकाइतकाच त्यांचा हाही व्यवसाय.

येथे मला माझे मत स्पष्ट सांगितले पाहिजे. किल्लारी-सास्तूरच्या माणसांना जे बरे वाटले, ते केवळ डॉक्टरांमुळे नव्हे. किंबहुना बहुतेकांनी मनाचा डॉक्टर पाहिलाही नाही. त्यांना हाताला काम मिळाले, पोरांना शाळा मिळाली, आणि आपले म्हणणे कोणीतरी विचारते आहे असे वाटले, ह्याचा वाटा मोठा आहे. लोहारा भागात हराळी येथे ज्ञान प्रबोधिनीने भूकंपानंतर शाळा काढली आणि तिचे माणसांचे जाळे तेथेच वस्तीला राहिले. प्रबोधिनीचे संस्थापक डॉ. वि. वि. पेंडसे हे स्वतः मानसशास्त्राचे अभ्यासक होते, हा योगायोग सांगण्यासारखा आहे. प्रेमा गोपालन ह्यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोगाने गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. काम वरवर घरबांधणीचे: सिमेंट किती, सळई किती, अनुदान कोठे अडले. परंतु नवऱ्याच्या मागे घराबाहेर न पडलेली बाई चावडीवर बोलू लागली, की तिच्या छातीवरचा दगड थोडा हलतो. भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था ह्यांच्या पुढाकाराने सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. त्यांतली पुष्कळ शिकून मोठी झाली. आईबाप गेलेल्या मुलाला गावापासूनही तोडावे का, ह्यावर मात दोन मते होऊ शकतात, आणि माझे स्वतःचे मत अजून पक्के झालेले नाही.

घरांचेही तसेच. जागतिक बँकेच्या कर्जातून नवी गावे आखली गेली. रस्ते सरळ, प्लॉट मोठे, घरे पक्की. पण जुन्या गावातली गल्ली गेली, ओटा गेला, पलीकडच्या भिंतीतून येणारा शेजारणीचा आवाज गेला. ज्यांची निम्मी माणसे गेली होती, त्यांचे उरलेले शेजारीही लांब गेले. इंजिनियराने मापे बरोबर घेतली होती. ओट्याला नकाशात खूण नसते. नुकसानभरपाईची रोकड हाती आली, आणि ज्या पुरुषांची झोप उडाली होती त्यांतल्या काहींना दारूच्या दुकानाची वाट सापडली. दारू हेही ह्या जिल्ह्यातले धसक्याचे जुने औषध, आणि सर्वांत महागडे.

भूकंपानंतर तीन वर्षांनी, १९९६ साली, केंद्र सरकारने जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला. कल्पना बेल्लारी जिल्ह्यातल्या प्रयोगावरून घेतलेली: मनाचा इलाज जिल्हा रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातच मिळावा. योजनेला जिल्ह्या-जिल्ह्यांत पोचण्यास बराच काळ लागला. तोवर आपल्याकडे दुसरे संकट उभे राहिले होते, तेही जमिनीचेच: पाऊस नाही, कर्ज आहे, आणि घरातला कर्ता पुरुष बोलेनासा झाला आहे. २०१५ साली राज्य सरकारने बळीराजा चेतना अभियानासाठी जे दोन जिल्हे निवडले, त्यांत यवतमाळबरोबर आपला जिल्हा होता. असा मान मिळावा अशी कोणाची इच्छा नसते. त्याच वर्षी मराठवाडा-विदर्भाच्या चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प आला. त्यात आशाताईंनी घरोघर जाऊन काही साधे प्रश्न विचारायचे आणि खिन्न आढळलेल्या माणसाला जिल्हा रुग्णालयातील समुपदेशकाकडे पाठवायचे होते. अणदूरच्या डॉ. शशिकांत अहंकारी ह्यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशनमधून गावच्या बायकांनाच ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले होते. आशाताईंची कल्पना आपल्याला त्यामुळे परकी वाटली नाही. विनायक हेगाणा ह्यांच्या ‘शिवार’ संस्थेने शेतकऱ्यांसाठी दूरध्वनीची सोय ह्याच जिल्ह्यातून उभी केली.

कायदाही बदलला. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आहे. उपचार मिळणे हा हक्क आहे, साखळीने बांधणे हा गुन्हा आहे, विमा कंपनीने मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरला पाहिजे, आणि आत्महत्येचा प्रयत्न केलेला मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे धरून त्याला उपचार द्यावेत, असे तो सांगतो. पूर्वी अशा माणसाच्या खाटेशी पोलीस बसत असे आणि बायको ‘चुकून औषध पोटात गेले’ असे सांगे.

मग आजचे उत्तर काय? प्रथम कोण कोण आहे हे कळले पाहिजे, कारण पाट्या पुष्कळ झाल्या आहेत. मनोविकारतज्ज्ञ हा आधी डॉक्टर असतो. औषध तोच लिहून देऊ शकतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. बोलण्याच्या आणि सरावाच्या पद्धतशीर मार्गाने इलाज करतो, आणि त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. समुपदेशक ही पाटी मात्र सहा आठवड्यांचा वर्ग केलेला मनुष्यही लावू शकतो. म्हणून शिक्षण कोठे झाले, असे दुखणे पूर्वी हाताळले आहे का, किती भेटी लागतील, पैसे किती, हे विचारण्यात संकोच धरू नये. आपण म्हैस घेताना ह्याहून जास्त चौकशी करतो.

आघाताच्या इलाजाविषयी एक गैरसमज आहे, की पहिल्याच दिवशी सर्व वदवून घेतले म्हणजे मन मोकळे होते. संशोधनाने हे खरे ठरवलेले नाही. उलट संकटानंतर लगेच एकाच बैठकीत सर्व बोलायला लावण्याने काहींचे नुकसान होते. आधी सुरक्षित जागा, अन्न, आप्तांची भेट, झोप. पुष्कळ जण एवढ्यानेच काही आठवड्यांत सावरतात. महिना उलटूनही स्वप्ने, टाळाटाळ, दचकणे चालूच राहिले, तर इलाजाची वेळ झाली. मग जाणकार मनुष्य हळूहळू, रोग्याच्या संमतीने, त्या आठवणीजवळ आणि त्या जागेजवळ जाण्याचा सराव करून घेतो. आज ओसरीपर्यंत, पुढच्या आठवड्यात खोलीत, मग एक रात्र आत. औषध लागले तर ते दोन-चार आठवड्यांनी गुण देते. आठव्या दिवशी फेकून देऊ नये. झोपेची गोळी मात्र वर्षानुवर्षे दुकानातून परस्पर घेणे हा इलाज नव्हे, आणि अशक्तपणाचे सलाईन हा तर मुळीच नव्हे.

राहिला अंतराचा प्रश्न. आपल्याकडचा मनुष्य ह्या कामासाठी सोलापूरला किंवा लातूरला जातो. मला वाटे, इथे सोय नाही म्हणून जात असेल. चौकशी करता कारण निराळेच निघाले. जिल्हा रुग्णालयाच्या त्या विशिष्ट खोलीपुढे बाकावर बसले, तर ओळखीचे कोणीतरी पाहील, आणि मुलीच्या सोयरिकीत ती गोष्ट निघेल. म्हणून दीड-दोन तास एस. टी.त बसून, दिवसाची मजुरी बुडवून, माणसे अशा गावी जातात जेथे त्यांना कोणी ओळखत नाही. दुसऱ्या भेटीला तेवढे पैसे नसतात, आणि इलाज तिथेच तुटतो. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ हा सरकारी दूरध्वनी सुरू झाला आहे. क्रमांक १४४१६, दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतून. त्यावर बोलताना बाकावर बसावे लागत नाही. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जाग आली तरी तो चालू असतो.